ओळखीची पाटी, अनोळखी गाव

आमच्या भाईंदरच्या शाळेत शनिवारी शेवटचा तास गप्पांचा असतो. त्या तासाला पुस्तक उघडायचं नाही, फक्त बोलायचं. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच शनिवारी मी चौथीच्या मुलांना विचारलं, "सुट्टीत कोण कुठे जाऊन आलं?"

कोणी कोकणात, कोणी राजस्थानात, कोणी उत्तनला मावशीकडे. एक मुलगा मात्र चक्क दुबईला जाऊन आला होता! सगळा वर्ग त्याच्याकडे वळला. "काय काय खाल्लंस तिथे?" हा पहिला प्रश्न. (आमच्या वर्गात पहिला प्रश्न नेहमी खाण्याचाच असतो बरं का!)

तो म्हणाला, "बाई, बर्गर. पाचही दिवस बर्गर आणि फिंगर चिप्स. मीरा रोडला मिळतात ना, तेच."

वर्ग खो खो हसला. एक मुलगी म्हणाली, "मग एवढ्या लांब कशाला गेलास? मीरा रोडलाच जायचं की! रिक्षाने!"

बिचारा खट्टू झाला. पण मला त्याला हसू येईना. कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः, चांगली मोठी शिकलेली बाई, परदेशात अशाच एका ओळखीच्या पाटीकडे धावत सुटले होते. का धावले, ती गोष्ट आज तुम्हाला सांगते. आईबाबांनीही वाचावी, कारण तिकीट तेच काढतात आणि खायला काय द्यायचं तेही तेच ठरवतात.

सूपची गोष्ट

मे महिना होता. आम्ही चौघं सिंगापूरला गेलो होतो. मी, माझे यजमान, आमची मुलगी आणि माझ्या सासूबाई. सासूबाई मूळच्या कुडाळकडच्या. लहानपणापासून मासे खाऊन वाढलेल्या. पण वीस वर्षांपूर्वी त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मासे सोडले ते सोडलेच. तेव्हापासून घरात बांगडा तळला तरी त्या शांतपणे बाजूला बसून वरणभात जेवतात. कधी कुरकुर नाही.

पहिल्याच दिवशी दुपारी खूप भूक लागली. समोर खाण्याच्या गाड्यांची मोठी रांग. तिथे त्याला हॉकर सेंटर म्हणतात. एका छपराखाली पन्नास-साठ छोटी दुकानं, प्रत्येकाचा एकच खास पदार्थ. (सिंगापूरच्या या खाद्यसंस्कृतीची २०२० साली युनेस्कोच्या यादीत नोंद झाली आहे.) एका ठिकाणी फलकावर भाज्यांच्या सूपचं चित्र दिसलं. मी बोट दाखवलं, मान डोलावली, पैसे दिले. वाटीत कोबी, गाजर, सोयाबीनचं पनीर. छान!

सासूबाईंनी दोन चमचे घेतले आणि हात थांबला. म्हणाल्या, "ह्याला सुक्या जवळ्याचा वास येतो गं."

मी परत जाऊन विचारलं. दुकानदार हसून म्हणाला, हो, पाणी वाळवलेल्या कोलंबीचं आहे. वर भाज्या आहेत ना! त्याच्या दृष्टीने ते भाज्यांचंच सूप होतं. त्याने फसवलं नव्हतं. चूक माझी होती. मी चित्र पाहिलं आणि प्रश्न विचारलाच नाही.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. माळेला हात लावून क्षणभर डोळे मिटले. पण त्या दिवशी त्यांनी केळ्यांखेरीज काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा-पाव. दुपारपर्यंत त्यांचा चेहरा उतरला. आणि तेवढ्यात मला रस्त्याच्या पलीकडे दिसली एक पाटी. तोच रंग, तीच अक्षरं, आपल्याकडच्यासारखीच! मी आनंदाने ओरडलेच, "आई, चला! इथलं आपल्याला माहीत आहे!"

सासूबाई आत आल्या, बसल्या. मी फिंगर चिप्सचा पुडा समोर ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "ह्याच्यात काय घातलंय ते विचारलंस काय गो?"

मी गप्प झाले. पाटी ओळखीची होती म्हणून मी याही वेळी विचारलं नव्हतं!

सगळीकडे सारखं कसं काय?

आता जरा थांबू या. मुळात ही दुकानं सगळ्या जगात सारखी का दिसतात?

त्यासाठी अमेरिकेत कॅलिफोर्नियाला जायला हवं. तिथल्या सॅन बर्नार्डिनो गावात रिचर्ड आणि मॉरिस मॅक्डोनल्ड नावाचे दोन भाऊ एक खाणावळ चालवत. १९४८ साली त्यांनी ती काही काळ बंद ठेवली आणि सगळंच बदलून टाकलं. पदार्थांची लांबलचक यादी कापून नऊच पदार्थ ठेवले. वाढपी नाहीत, काचेची भांडी नाहीत. आणि स्वयंपाकघर? ते म्हणे त्यांनी आधी टेनिसच्या मैदानावर खडूने आखून पाहिलं. नोकरांना त्या रेघांमध्ये उभं करून खोटा खोटा स्वयंपाक करायला लावला. कोण कुठे वळतो, कोण कोणाला धडकतो ते बघितलं आणि रेघा पुसून पुन्हा आखल्या. आपण लंगडीचं मैदान आखतो ना, तस्संच!

मग एकजण फक्त मांसाची चकती भाजणार, एकजण फक्त पाव लावणार, एकजण फक्त बटाटे तळणार. हॅम्बर्गर मिळायचा पंधरा सेंटला आणि मिळायचाही झटपट. १९५५ साली रे क्रॉक नावाच्या माणसाने याच पद्धतीचं दुकान शिकागोजवळ काढलं आणि मग अशा दुकानांची साखळीच तयार केली. साखळीचा नियम एकच. प्रत्येक कडी सारखी हवी. बटाट्याची जाडी सारखी, तळायचा वेळ सारखा, पाटीचा रंग सारखा. आज ही साखळी शंभराहून अधिक देशांत पसरली आहे.

अनोळखी गावात थकलेल्या माणसाला या सारखेपणाचा केवढा आधार वाटतो! भाषा येत नसली तरी चित्रावर बोट ठेवता येतं. भाव लिहिलेला असतो. हात धुवायला जागा असते. लहान मूल रडत असलं तर ओळखीचं काहीतरी मिळून गप्प होतं. दुबईहून आलेला माझा विद्यार्थी काही मूर्ख नव्हता. भूक लागलेलं मूल ओळखीच्या गोष्टीकडे वळणारच.

या सारखेपणाचा एक गमतीदार उपयोगही झाला आहे. 'द इकॉनॉमिस्ट' हे इंग्लंडचं साप्ताहिक १९८६ सालापासून निरनिराळ्या देशांतल्या 'बिग मॅक' बर्गरच्या किमती जमवतं. कल्पना सोपी आहे. समजा, एकच वस्तू एका देशात दोनशे रुपयांना पडते आणि दुसऱ्या देशात, तिथले पैसे रुपयांत बदलून पाहिले तर, चारशेला. मग पहिल्या देशाचा पैसा बाजारात त्याच्या खऱ्या ताकदीपेक्षा स्वस्त मिळतोय, असा अंदाज बांधता येतो. मोठमोठे अर्थतज्ज्ञ बर्गरवरून गणित मांडतात, आहे की नाही मजा? मात्र भारताची पाळी आली की या गणितात बिग मॅक चालत नाही. त्याच्या जागी 'महाराजा मॅक' घ्यावा लागतो.

का बरं? तीच तर खरी गोम आहे!

पाटी तीच, ताट वेगळं

मॅक्डोनल्ड्स भारतात आलं ते १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये. पहिलं दुकान दिल्लीत वसंत विहारला आणि त्याच महिन्यात मुंबईत वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर. जगभर या साखळीचा मुख्य पदार्थ म्हणजे गोमांसाचा बर्गर. पण भारतात गोमांस ठेवलं नाही, डुकराचं मांसही नाही. गोमांसाशिवाय चालणारं त्यांचं ते जगातलं पहिलं दुकान होतं. शाकाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकघराचा भाग वेगळा केला. अंडं न घातलेलं मेयोनीज तयार केलं. आणि पावात घातली आपली आलू टिक्की!

म्हणजे साखळीने सारखेपणाचा नियम आपल्यासाठी मोडला. आणि फक्त आपल्यासाठीच नाही. फिलिपिन्समध्ये त्यांच्याकडे गोडसर स्पॅगेटी मिळते. इस्राएलमध्ये त्यांची काही दुकानं ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळतात, तिथे मांस आणि दूध एकत्र येत नाही. पाटी एकच, पण आत ज्या त्या देशाचं ताट.

आता याची दुसरी बाजू ऐका.

अमेरिकेत मॅक्डोनल्ड्सचे फिंगर चिप्स पूर्वी गाईबैलांच्या चरबीत तळत. १९९० साली कंपनीने जाहीर केलं की यापुढे आम्ही वनस्पती तेल वापरणार. तिथे राहणाऱ्या कितीतरी भारतीय कुटुंबांना वाटलं, चला, आता हे शाकाहारी झालं! मुलांना घेऊन ती मंडळी निश्चिंत मनाने चिप्स खाऊ लागली. पण चव पूर्वीसारखी राहावी म्हणून बटाट्यांना गोमांसापासून काढलेला स्वाद लावला जात होता. यादीत त्याचं नाव होतं नुसतं 'नैसर्गिक स्वाद'.

हे उघडकीला आलं तेव्हा लोकांना काय वाटलं असेल? माझ्या सासूबाईंना दोन चमचे सूप पोटात गेल्यावर जे वाटलं, तेच. फक्त इथे दोन चमचे नव्हते, दहा वर्षं होती. मे २००१ मध्ये सिएटल शहरात कंपनीवर खटला भरला गेला. खटला भरणारे वकील मूळचे भारतीय होते. २००२ साली कंपनीने माफी मागितली आणि तडजोड म्हणून एक कोटी डॉलर शाकाहारी, हिंदू व इतर संस्थांना द्यायचं कबूल केलं.

या बातमीने आपल्या ठाण्यातही भडका उडाला होता. मी तेव्हा सहावीत होते. संतापलेल्या जमावाने ठाण्यातल्या मॅक्डोनल्ड्सची मोडतोड केली. कंपनीने सांगितलं, की भारतातल्या चिप्समध्ये असा कुठलाही स्वाद घातला जात नाही. म्हणजे चूक झाली होती अमेरिकेत, आणि काचा फुटल्या ठाण्यात, तेही ज्या दुकानात गोमांस नव्हतंच तिथे! पाटी सारखी म्हणून आतलं सगळं सारखं, असं धरून चालल्याचा हाही एक परिणाम. अमेरिकेतल्या कुटुंबांनी तसं धरलं आणि फसली. ठाण्यातल्या जमावाने तसं धरलं आणि भलत्याच दुकानावर राग काढला. त्यापेक्षा सिएटलच्या लोकांनी केलं ते बरं. त्यांनी विचारलं, कागद मागितले, न्यायालयात गेले आणि उत्तर मिळवलं.

एक लक्षात ठेवा. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असतो तो शाकाहारी पदार्थाचा. अशा खुणांचा नियम भारतात २००१ पासून आला. मांसाहारी पदार्थावर हल्ली चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो. पण ही खूण आपल्या देशातली. परदेशात गेलात की तो ठिपका तुमच्या सोबत येत नाही. तिथे यादी वाचावी लागते आणि तोंड उघडून विचारावं लागतं.

पाटी नव्हती तेव्हा

तुम्ही म्हणाल, बाई, एवढी कटकट असेल तर पूर्वीची माणसं काय करत असतील?

आपल्या ठाणे जिल्ह्यातल्याच एका मुलीचं उदाहरण घ्या. आनंदीबाई जोशी. जन्म कल्याणचा, १८६५ सालचा. अठराव्या वर्षी, १८८३ मध्ये, त्या डॉक्टर व्हायला बोटीने अमेरिकेला गेल्या. ना ओळखीची पाटी, ना जेवायला भाकरी. शाकाहार आणि साडी सोडायची नाही असं ठरवून, कडाक्याच्या थंडीत त्या फिलाडेल्फियात शिकल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पण तब्येत पार ढासळली होती. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांना क्षयाने गाठलं होतं हे खरं, पण परक्या हवेत, परक्या अन्नात त्यांचे किती हाल झाले असतील, याचाही विचार मनात येतो.

गांधीजी १८८८ साली लंडनला गेले तेव्हा अठरा वर्षांचे होते. मांस खाणार नाही असं आईला वचन दिलेलं. जिथे राहत तिथलं बेचव उकडलेलं अन्न घशाखाली उतरेना. पोट भरेल अशी जागा शोधत ते रोज मैलन्‌मैल चालत. एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी जेवणाचं एक हॉटेल सापडलं. मनासारखी वस्तू मिळाल्यावर मुलाला होतो तसा आनंद त्यांना झाला आणि लंडनला आल्यापासून पहिल्यांदा ते पोटभर जेवले. गंमत म्हणजे ते हॉटेल काही भारतीय माणसाचं नव्हतं. ते इंग्रजांचंच होतं! इंग्लंडमध्येही शाकाहाराचा आग्रह धरणारी माणसं होती. गांधीजी शोधत फिरले नसते, तर ती त्यांना भेटलीच नसती.

आपलीही पाटी निघाली परदेशी!

आता चित्र पालटलंय. आपलेच पदार्थ बाहेर जाऊन तिथे पाटी लावून बसलेत.

वडापावचंच बघा. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमाराला तो विकायला सुरुवात केली असं सांगतात. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना उभ्याउभ्या, पटकन, स्वस्तात पोट भरायला काहीतरी हवं होतं. म्हणजे आपलं फास्ट फूडच की ते! पुढे २०१० साली लंडनच्या हाउन्स्लो भागात मुंबईत एकत्र शिकलेल्या सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या दोन मित्रांनी वडापावचं छोटंसं दुकान काढलं. सुरुवातीला एका आइस्क्रीमच्या दुकानात दोन टेबलांची जागा, बस्स. आज 'श्रीकृष्ण वडापाव'च्या तिथे अनेक शाखा आहेत. लंडनमध्ये राहणारं मराठी पोर थंडीत कुडकुडत तिथे जातं तेव्हा ते नुसता वडा खात नाही, थोडं घर खातं.

हे फक्त आपलंच नाही हं. फिलिपिन्सच्या लोकांची 'जॉलिबी' नावाची साखळी आहे. १९७५ साली ती आइस्क्रीमच्या दुकानापासून सुरू झाली. आज कामासाठी देशोदेशी गेलेले फिलिपिनो लोक तिच्या लाल मधमाशीची पाटी दिसली की रांग लावतात.

पण एक गोष्ट विचारू? वडापाव 'आपला' कधीपासून झाला?

भाईंदरच्या खाडीवरून गाडी जाते तेव्हा पलीकडे वसई येते. तिथला किल्ला तुम्ही सहलीला पाहिला असेल. १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी तो जिंकेपर्यंत, वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. 'पाव' हा शब्द त्यांचा. 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. आणि मिरची? तिचं मूळ घर अमेरिका खंड, तीही पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आली. म्हणजे वड्यातला बटाटा, त्याच्या बाहेरचा पाव आणि सोबतची तळलेली मिरची, तिन्ही पाहुणे. घरचं बेसन तेवढं वर लावलेलं!

सिंगापूरच्या त्या दुकानात बसून मी हे सासूबाईंना सांगत होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमची एकादशीची खिचडी तरी आपली ना?" आता काय सांगू? साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा तिथलाच, मिरचीही तिकडचीच. उपवासाची खिचडी म्हणजे परदेशी पाहुण्यांचं संमेलनच!

सासूबाई खुदकन हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मग काय खाल्लं?

चिप्सचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. मी काउंटरवर जाऊन विचारलं. तिथल्या मुलीला खात्रीने सांगता येईना. तिने तसं प्रामाणिकपणे कबूलही केलं. मग तो पुडा आमच्या मुलीने संपवला. सासूबाईंना घेऊन आम्ही सेरंगून रोडवर गेलो. तिथे 'कोमला विलास' नावाचं शुद्ध शाकाहारी हॉटेल आहे, १९४७ सालापासूनचं. डोसा समोर आला. वाढणाऱ्याला सासूबाईंनी हाताने खूण करून आणखी चटणी मागितली. तोही हसला. भाषा लागलीच नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. पोट भरलेलं माणूस धीट होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. परतताना बाजारात जांभळ्या, जाड सालीच्या फळांचा ढीग होता. सासूबाई आपणहून थांबल्या. विक्रेत्या बाईने एक फळ दोन्ही तळव्यांत दाबून फोडलं. आत पांढऱ्या शुभ्र पाकळ्या. सासूबाईंनी एक तोंडात टाकली, डोळे मोठे केले, साल उलटसुलट करून पाहिली आणि ओरडल्या, "अगो, ह्यो तर आमचो रातांबोच! गोड झालेलो!"

आम्ही सगळे हसलो. घरी आल्यावर मी पुस्तकात पाहिलं, तर सासूबाईंचं म्हणणं अगदी बरोबर! त्या फळाचं नाव मँगोस्टीन आणि ते आपल्या कोकमाच्या कुळातलंच, दोन्ही 'गार्सिनिया' जातीची झाडं. पुस्तक न वाचता कुडाळच्या जिभेने ते ओळखलं होतं. आम्ही त्या पाटीच्या दुकानातूनच परत फिरलो असतो, तर कोकमाची ही लांबची बहीण आम्हाला कधी भेटली असती का?

तेव्हा बालमित्रांनो, ओळखीच्या पाटीकडे जाण्यात लाज वाटून घेऊ नका. भूक, थकवा, लहान भावंड, घरच्यांचं व्रत, यांचा मान ठेवायलाच हवा. पण पाटी पाहून प्रश्न विचारणं थांबवू नका. आणि दिवसातून एकदा तरी, एक घास तरी, त्या गावाचा खा.

जाण्यापूर्वी हे करून ठेवा

१. आपण काय खात नाही ते त्या देशाच्या भाषेत एका कार्डावर लिहून घ्या. नुसतं 'शाकाहारी' लिहू नका. 'मांस, मासे, कोलंबी, अंडं आणि त्यांचं पाणी किंवा चरबीही नको' असं स्पष्ट लिहा. जैन मुलांनी कांदा, लसूण, बटाटाही लिहा.

२. थेपले, खाकरे, चिवडा, लाडू अवश्य न्या. आमच्या वर्गातल्या गुजराती मुलांचे थेपले तर प्रवासातले हिरे! पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत खाण्याच्या वस्तू विमानतळावर जाहीर कराव्या लागतात. लपवलं तर मोठा दंड होतो.

३. पाकिटावरची यादी वाचा. 'स्वाद' असा शब्द दिसला की विचारा, कशाचा?

४. उत्तर मिळालं नाही तर फळं आहेतच. फळ कुणाला फसवत नाही.

५. रोज एक नवा पदार्थ वहीत लिहा. नाव, भाव, चव आणि 'आपल्याकडे याच्यासारखं काय?' हा शेवटचा रकाना विसरू नका!

आणि ज्यांना यंदा कुठेच जायचं नाही त्यांनी काय करायचं? आमच्या मीरा-भाईंदरमध्ये एकाच इमारतीत चार राज्यांची स्वयंपाकघरं असतात. शेजारच्या काकूंकडे जा. विचारा, "काकू, आज काय केलंय? त्यात काय घातलंय?" विचारायची सवय इथूनच लागू द्या.

माझ्या दुबईवाल्या विद्यार्थ्याने पुढच्या शनिवारी वर्गात काय केलं ठाऊक आहे? तो घरून एक डबा घेऊन आला. आत खजूर होते. म्हणाला, "बाई, हे तिथलेच. आईने आणले होते, मी तिथे खाल्लेच नव्हते." सगळ्या वर्गाने एकेक खाल्ला. त्यानेही खाल्ला. मग हळूच म्हणाला, "चांगले आहेत की!"